साथ ऐकणारी हवी



हरमल, मोरजी, मांद्रे या आपल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर विजेवर चालणारे व्हायोलिन आणि डीजेचा ठेका ही जोडी आता नवी राहिलेली नाही. एका बाजूला तरुण मंडळी त्यावर नाचतात, दुसऱ्या बाजूला जाणती मंडळी म्हणतात की शास्त्रीय संगीताची वाट लागली. मला या तक्रारीचा रोख चुकीच्या ठिकाणी वळलेला वाटतो. सरमिसळीला भ्यायचे गोव्याला तरी काही कारण नाही. भ्यायचेच असेल तर न ऐकणाऱ्या साथीला भ्यावे.

व्हायोलिन गोव्यात रुजले ते पोर्तुगीज काळात, चर्चच्या शाळांमधून. मुले अक्षरांबरोबर स्वरलेखनही वाचायला शिकत. हा वारसा मुख्यतः जुन्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या तालुक्यांचा. पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून इकडे कान तयार झाला तो देवळातल्या कीर्तनावर, भजनावर आणि दशावतारावर. तरीही याच पेडण्यातल्या पार्सेचे श्रीधर पार्सेकर व्हायोलिनवर रागदारी वाजवून नावारूपाला आले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस उलट दिशेने निघाले. पाश्चात्त्य वादनात मुरलेल्या या माणसाने राग समजून घेतले, ते वाद्यवृंदासाठी लिहून काढले आणि १९५८ मध्ये मुंबईत भारतीय व पाश्चात्त्य वादकांना एकत्र बसवून ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या नायकाला मिळालेले नाव ही त्या गुरूची आठवण. हिंदी चित्रपटसंगीतात व्हायोलिनचे जे ताफे आपण ऐकतो, त्यांत आणि त्यांच्या संयोजनात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा आहे. या सगळ्यांनी मिश्रणच केले. पण दोन्हीकडचे व्याकरण हातात आल्यावर केले.

जगात हा वाद आपल्याआधी होऊन गेला आहे. व्हनेसा-मे हिने १९९५ मध्ये टेक्नोच्या ठेक्यावर व्हायोलिन वाजवले. २००० साली ‘बाँड’ या वादक चौघींच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला ब्रिटनच्या शास्त्रीय संगीताच्या विक्रीयादीतून काढून टाकण्यात आले. यादीत बसते की नाही, हा प्रश्न दुकानदारीचा. आपण नाद तपासावा. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून बोट तारेवरून सरकत मींड काढते आणि गळ्याच्या जवळ जाते. नाचाचा ठेका चाराच्या पटीत चालतो, तीनतालाच्या सोळा मात्राही चार-चारच्या चार विभागांत बसतात. गणित जुळते. पण तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, वजन उतरते आणि समेची ओढ लागते. यंत्राच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारखाच जड. वादकाने एखादा स्वर लांबवला तर तबलजी क्षणभर सांभाळून घेतो. आधी मुद्रित केलेला ठेका तसाच पुढे निघून जातो. मग वादकच मींड आखडती घेऊ लागतो, आलाप टाळू लागतो. नुकसान होते ते इथे.

आणि ऐकणारा ठेका आपल्या घरात आहे. गणेश चवथीच्या आरतीला बसलेल्या घुमटवादकाचे हात बघा. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेल्या कातड्यावर एक हात चालतो, दुसरा मागचे लहान तोंड झाकतो, उघडतो, आणि त्या उघडझापीने नाद खाली-वर होतो. सोबत शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे ही झांज. आरती रंगते तशी लय चढते, कोणी बटण दाबत नाही. सगळे एकमेकांकडे कान लावून चढवतात. डिचोलीच्या कुंभारांची माती, पेडण्याचे हात, आणि वर व्हायोलिन: या जोडणीत नाचायला लागणारा जोर पुरेपूर आहे.

कोणी म्हणेल, घुमट देवाचा, तो नाचाला कशाला? पण शिगम्यात घुमटावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या नाचत आली आहेत. कोणी म्हणेल, बदलला की तो घुमट उरत नाही. पण घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लागे. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आणि बकऱ्याचे कातडे आले. नादात फरक पडला, वादकांनी तो आपलासा केला, आणि २०१९ मध्ये याच घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: हॉटेलवाल्याला पाच वादकांपेक्षा एक लॅपटॉप स्वस्त पडतो. पोटासाठी वाजवणाऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण शाळेच्या रंगमंचावर तो हिशेब लागू होत नाही. इथे वादक फुकट आहेत आणि तालमीला महिने आहेत.

म्हणून शाळेच्या संमेलनाच्या संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या संमेलनात वाद्यवादनासाठी वीस मिनिटे वेगळी ठेवा आणि त्यात मुद्रित ठेका चालणार नाही, एवढा एकच नियम करा. राग कोणता, चाल सिनेमाची की आरतीची, व्हायोलिन साधे की विजेचे, हे मुलांना ठरवू द्या. तालमीसाठी गावातल्या घुमटवादकांना आतापासूनच बोलावून ठेवा, कारण चवथ जवळ आली की ते कुणालाच मोकळे सापडत नाहीत.