आईकडून आलेली पोथी

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त काचीगुडा येथे झालेले व्याख्यान)



जुन्या ग्रंथालयातील पुस्तकांत एक गोष्ट नेहमी आढळते. छापील मजकूर तोच असतो. परंतु पूर्वीच्या एखाद्या वाचकाने काही ओळींखाली रेघ ओढलेली असते, तर कोठे दोन पाने दुमडून ठेवलेली असतात. अक्षर बदललेले नसते, तरी वाचन बदलते. मानवी पेशीतही असेच घडते. डीएनएमधील सायटोसीन या घटकावर मेथिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट बसतो. मूळ मजकुराला धक्का लागत नाही. पण एखादे जनुक वाचले जावे की मिटून राहावे, हे ठरण्यात या खुणेचा वाटा असतो. कर्करोगात या खुणांची घडी विस्कटलेली असते, हे आता सर्वमान्य आहे.

ही झाली पेशीच्या केंद्रकातील महाग्रंथाची कथा. पेशीत आणखी एक छोटी पोथी असते. अन्नातून ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, यांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी 1981 साली तो संपूर्ण वाचला. त्यात 16,569 अक्षरजोड्या व 37 जनुके आहेत. त्यांपैकी 13 जनुके प्रथिनांची आहेत. ही पोथी मुलाला आणि मुलीला दोघांनाही आईकडूनच मिळते. पुढे मात्र ती मुलगीच आपल्या अपत्यांना देते.

या पोथीच्या वाचनात हैदराबादचेही नाव आहे. काचीगुड्यापासून फार लांब नसलेल्या हबसीगुड्यात 1977 साली स्थापन झालेली ‘सीसीएमबी’ ही संशोधनसंस्था आहे. तेथील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानातील ओंगी व ग्रेट अंदमानी लोकांचा हाच मातृवंशीय डीएनए तपासून, त्यांचे पूर्वज अतिप्राचीन काळी तेथे आले असावेत, असा निष्कर्ष 2005 साली मांडला.

वंशाची कथा सांगणारी ही पोथी रोगाचीही कथा सांगते. डग्लस वॉलेस यांच्या गटाने 1988 साली दाखवून दिले की, तरुणपणी अचानक दृष्टी घालवणाऱ्या ‘लेबर’ या वंशागत नेत्रविकाराच्या मुळाशी या डीएनएतील 11,778 क्रमांकाच्या स्थानावरील एकाच अक्षराचा बदल असू शकतो. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांना स्नायुविकाराच्या काही रुग्णांत या डीएनएचे तुकडे गळालेले आढळले.

मग साहजिकच प्रश्न आला : अक्षर न बदलता, केवळ मेथिलच्या खुणेमुळेही या पोथीत रोग उद्भवत असेल का? 1970च्या दशकातील शोधांत खुणा जवळजवळ सापडल्याच नव्हत्या. 2011 साली अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संशोधकांनी, खुणा बसवणारे एक विकर तंतुकणिकांतही पोहोचते, असे दाखवले आणि विषयाला पुन्हा चालना मिळाली. यकृताच्या चरबीजन्य विकाराशी 2013 मध्ये, तर अल्झायमर व पार्किन्सन या मेंदूच्या विकारांशी 2016 मध्ये या खुणांचा संबंध जोडला गेला.

परंतु याच सुमारास शंकाही उभी राहिली. खुणा शोधण्यासाठी डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. खूण नसलेले सायटोसीन तिने बदलते, खूण असलेले तसेच राहते. मात्र वर्तुळाकार डीएनए पीळ घालून घट्ट बसलेला असेल, तर रसायन सर्वत्र पोहोचत नाही. न बदललेले अक्षर मग खूण असल्यासारखे भासते. 2016 व 2017 साली संशोधकांनी ते वर्तुळ आधी कापून उघडले आणि मग तपासले, तेव्हा पूर्वी दिसलेल्या बहुतेक खुणा नाहीशा झाल्या. शिवाय या पोथीच्या काही पानांच्या जुन्या नकला केंद्रकाच्या महाग्रंथात शिरलेल्या आहेत. त्यांवरील खुणाही दिशाभूल करू शकतात. उलट 2019 साली, निराळ्या अक्षरक्रमात मात्र भरपूर खुणा आहेत, असा दावा पुढे आला. वाद मिटलेला नाही.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, या खुणांवरून एखाद्या रोगाचे निदान करणारी मान्यताप्राप्त चाचणी आज नाही. त्यांच्या नावाने कोणी आहार वा औषध विकू लागले, तर पैसे मोजण्यापूर्वी तज्ज्ञ वैद्याला विचारावे. दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. ‘हा रोग आईकडून आला’, एवढे वैद्यकीय वाक्य घरात पोहोचले की त्याचा आरोप व्हायला वेळ लागत नाही. मुलाची दृष्टी गेली, याचा दोष सुनेच्या माहेरावर जातो. वास्तविक त्या मातेने ही पोथी लिहिलेली नसते. ती तिलाही तिच्या आईकडून मिळालेली असते. अनेकदा असा बदल अंगी बाळगणारी स्त्री स्वतः निरोगी असते आणि तिला त्याची कल्पनाही नसते. वारसा म्हणजे अपराध नव्हे. अशा कुटुंबाला गरज असते ती आनुवंशिक सल्ल्याची, निवाड्याची नव्हे.

पानावर दिसलेली खूण खरोखर पानावरच आहे की चष्म्याच्या काचेवर, हे तपासून पाहणारा तो चांगला वाचक. शंभर वर्षे ग्रंथालयाने जी सवय लावली, तीच प्रयोगशाळेतही उपयोगी पडते आणि घरातही.