अंगावर पाजणाऱ्या मातेचे कपडे आणि पूर्वतयारी

(महाळुंगे इंगळे, ता. खेड, जि. पुणे येथे शेतकरी कुटुंबांपुढे केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील काही बंधू उठण्याच्या बेतात आहेत. त्यांनी कृपया बसावे. कापडाचे पैसे बहुतेक घरांत आपल्याच खिशातून जातात, आणि आज मी जे सांगणार आहे ते गोठ्यात धारा काढणाऱ्या माणसाला लवकर कळेल.

गाय व्याली की वासराला पहिला चीक तासाभरात पाजावा, हे आपल्याला सांगावे लागत नाही. बाळाच्या बाबतीत मात्र काही घरांत अजूनही चीक पिळून टाकतात आणि मध चाटवतात. तसे करू नये. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्याहून अधिक काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे बहुतेकींनी ऐकलेले असते. तरीही दूध आटते. त्यामागच्या एका कारणाकडे आपले लक्ष जात नाही, ते म्हणजे कपडे.

धारेला नवखा माणूस बसला किंवा कुत्रे अंगावर भुंकले की गाय पान्हा चोरते. कासेत दूध असते, पण उतरत नाही. पान्हा सोडवणारे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. भीतीने किंवा दुखण्याने त्याचे काम अडते. बाईच्या शरीरात हेच संप्रेरक हेच काम करते. एसटीच्या बाकावर अवघडून बसलेली, खांद्याची पिन निघत नाही, हूक पाठीमागे, समोर चार माणसे. अशा वेळी पान्हा उशिरा येतो. बाळ ओढते, चिडते, रडते. मग ती ठरवते की घरी गेल्यावरच पाजू. अशा दोन-चार वेळा रोज चुकू लागल्या की दूध खरोखरच कमी होते, कारण जेवढे ओढले जाते तेवढेच नवे तयार होते. आणि घरात बोलणे सुरू होते की सूनबाईला दूध पुरत नाही, डबा आणा. तीन-चार महिन्यांच्या बाळाला चारशे ग्रॅमचा डबा आठवडाभरही पुरत नाही. त्या मानाने दोन ब्लाउजचे कापड आणि शिलाई किती, याचा हिशेब आपणच करावा.

आपल्या आजीची नऊवारी आणि पुढे गाठ मारायची चोळी या कामाला फार सोयीची होती. गाठ सैल केली, पदर ओढला की झाले. बांधावर, जात्यापाशी, बाजारच्या वाटेवर, कुठेही बाळ पदराआड घेता येई आणि कोणी वळून पाहत नसे. पुढे सहावारी आली, पाठीमागे हूक असलेले ब्लाउज आले, पंजाबी ड्रेस आला आणि आता चाकणच्या वसाहतीतील कारखान्यांत टी-शर्टचा गणवेश आहे. गळ्यापासून कमरेपर्यंत कुठेही उघडत नाही असा कपडा घालून बाळाला पाजायचे कसे? पुन्हा नऊवारी नेसा असे माझे म्हणणे नाही. शिंप्याला चार गोष्टी सांगितल्या तर आजच्याच कपड्यात सोय होते.

ब्लाउज पुढून उघडणारा शिवावा आणि पाजताना हूक खालून वर काढत यावे. वरचे दोन हूक लावलेलेच राहतात, त्यामुळे वरचा भाग झाकलेला राहतो आणि पदर थोडा सरकला तरी संकोच वाटत नाही. दोन्ही बगलांच्या शिवणीत बोटभर माया ठेवायला सांगावे. (शिंप्यांनी हा शब्द कुठून काढला कोण जाणे, पण इथे तो शोभतो.) दूध भरल्यावर माप वाढते आणि काही महिन्यांनी उतरते. माया असली की तोच ब्लाउज उसवून पुन्हा बेतता येतो. पंजाबी ड्रेस असल्यास कुर्ता आखूड व सैल असावा. तो खालून वर घेतला की वरचे अंग झाकलेले राहते आणि उघडे पडणारे पोट ओढणीने झाकता येते. गाऊनला पुढील चुण्यांच्या आत दोन उभ्या चेन लावून मिळतात. चेन नायलॉनची असावी व आतून कापडाची पट्टी असावी, नाहीतर बाळाच्या गालाला ओरखडे येतात.

कापड सुतीच घ्यावे. टेरिकॉटमध्ये घाम जिरत नाही आणि गळलेले दूध अंगाशी ओले राहते. फिकट एकरंगी कापडावर दुधाचा डाग लगेच दिसतो, बारीक फुलांच्या छापील कापडावर दिसत नाही. बाहेर जाण्यासाठी छापील कापड बरे.

आतली बॉडी घट्ट नको आणि तारेची तर नकोच. कपडा एका जागी काचत राहिला तर तेथील दूध तुंबते, गाठ येते, आणि पुढे स्तनदाह होऊ शकतो. गोठ्यात आपण ज्याला दगडी म्हणतो तसाच हा आजार. फरक इतकाच की इथे आईने पाजणे थांबवू नये. दुखऱ्या बाजूनेही पाजत राहावे, कपडे सैल करावेत, आणि ताप आला किंवा दिवसभरात आराम पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. गळणारे दूध टिपण्यासाठी जुन्या धोतराच्या मऊ घड्या ठेवाव्यात, ओल्या झाल्या की बदलाव्यात. या घड्या आणि आतले कपडे आपल्याकडे लाजेने साडीखाली वाळत घालतात. तेथे ते धड वाळत नाहीत, दमट राहतात आणि बोंडांना खाज व बुरशी येते. ते उघड्या उन्हात वाळवावेत. ज्यांना पाहवत नसेल त्यांनी दुसरीकडे पाहावे.

पाजण्याची सवय बाळंतपणानंतर आठवडाभर घरीच आरशासमोर बसून करावी. कुठून काय दिसते हे एकदा स्वतःला कळले की बाहेर धीर येतो. खांद्याची सेफ्टी पिन काढून ठेवावी. टोचणारी माळ आणि जरीचा काठ बाळाच्या तोंडाशी येऊ देऊ नये. पदर पातळ असावा आणि बाळाचे नाक मोकळे राहावे. उन्हाळ्यात जाड शालीखाली बाळ गुदमरते. आणखी एक गोष्ट: बाळ रडेपर्यंत थांबू नये. ते मूठ चोखू लागले, मान वळवून तोंड उघडू लागले की तेव्हाच जवळ घ्यावे. रडणाऱ्या बाळाकडे सगळी बस पाहते, शांतपणे पिणाऱ्या बाळाकडे कोणी पाहत नाही.

कांदा-बटाट्याच्या कामाला जाणाऱ्या भगिनींसाठी एक सक्त सूचना. पाजणाऱ्या बाईने औषध फवारू नये आणि फवारलेल्या वावरात लगेच खुरपायलाही जाऊ नये. घरातील फवारणी करणाऱ्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, बाळाच्या दुपट्यांबरोबर नव्हे. शेतात काम करताना वर जुना शर्ट घालावा. हात-तोंड धुऊन, तो शर्ट काढून मगच पाजावे. बांधावरच्या झाडाला एक जुनी साडी आडवी बांधली की आडोसा झाला. ते काम घरच्या पुरुषाने करावे, त्याला पाच मिनिटे लागतात.

आता कारखान्यात जाणाऱ्या लेकी-सुनांविषयी. महाळुंग्यातून आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरील गावांतून जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी ठेकेदाराकडे आहेत आणि आपल्याला काही लागू नाही अशी त्यांची समजूत असते. ती बरोबर नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ठेकेदारामार्फत लागलेली स्त्रीही धरली होती. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेले असावे लागते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्याही आहेत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम ठेवल्या आहेत. रजेवरून परतताना टी-शर्टऐवजी पुढून बटणाचा शर्ट मिळावा, असा अर्ज कार्मिक विभागाकडे द्यावा. ही मागणी लहान आहे, पण कोणी केल्याशिवाय ती पुरी होत नाही.

पाळणाघर लांब असेल तर हात साबणाने धुऊन दूध हाताने पिळून, उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. सावलीत, थंड जागी ते चार तास चांगले राहते, ऐन उन्हाळ्यात त्याहून कमी. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे. चोचीचे जुने बोंडले आतून नीट निघत नाही, आणि बाटली तर मुळीच नको. न पिळता छाती भरलेली ठेवून पाळी काढली तर गाठीही येतात आणि दूधही कमी होते.

प्रवासात एसटीच्या अनेक स्थानकांवर हिरकणी कक्ष आहे, तो विचारून घ्यावा. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्याला दिले आहे. कक्षाला कुलूप असेल तर किल्ली स्थानकप्रमुखांकडे मागावी, परत फिरू नये.

शेवटी सासूबाईंना एक विनंती. डोहाळजेवणाला भारी साडी घेता, ती पुढे वर्षभर ट्रंकेत पडून राहते. तिच्याबरोबर पुढून उघडणारे दोन सुती ब्लाउज, एक सैल कुर्ता आणि जुन्या धोतराच्या डझनभर घड्या द्याव्यात. शिंप्याकडे सातव्या-आठव्या महिन्यातच जावे, नंतर कोणाला सवड नसते. माप त्या वेळचे घ्यावे, लग्नातले नव्हे, आणि त्यावर बोटभर सैल.