दप्तरातले दादासाहेब
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी काही प्राध्यापक नाही. दहावीनंतर शाळा सुटली, गिरणीत रिंगफ्रेमवर लागलो. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर याच विहाराच्या कपाटातली पुस्तके वाचून. समितीने मला 'आपले नेते' हा विषय दिला. यावर बोलण्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे. चूक याच मंचावर झाली, म्हणून कबुलीही इथेच दिली पाहिजे.

मागे एका जयंतीला मी रा. सू. गवई उर्फ दादासाहेब गवई यांच्यावर बोललो. आपल्या जिल्ह्यातल्या दारापूरचा माणूस, रिपब्लिकन पक्षाचा नेता. आवाज चढवून मी म्हणालो, "जनतेने त्यांना तीस वर्षे निवडून दिले!" टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर वस्तीतलीच एक कॉलेजात शिकणारी मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, ते विधान परिषदेत होते ना? तिथं लोक थोडीच मत देतात?"

मी निरुत्तर झालो. पोरगी बरोबर होती. विधान परिषदेवर माणूस जातो तो आमदारांच्या मतांनी, नगरपालिका-जिल्हा परिषदांच्या सदस्यांच्या मतांनी, पदवीधर-शिक्षकांच्या मतांनी, नाहीतर राज्यपालांच्या नेमणुकीने. तुम्ही-आम्ही सर्वांनी रांग लावून त्यासाठी शिक्का मारलेला नसतो. मी ऐकीव गोष्ट सांगत होतो आणि तुम्ही टाळ्या देत होता. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते, की केवळ ऐकले म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका. आपण ते सूत्त दर वर्षावासात ऐकतो आणि विहाराची पायरी उतरली की विसरतो.

तेव्हापासून मी ठरवले, की दादासाहेबांचे आयुष्य भाषणातून नाही, दप्तरातून वाचायचे. जे छापील सरकारी नोंदीत आहे तेवढे आधी एका वहीत उतरायचे. ती वही आज तुमच्यासमोर उघडतो.

पहिल्या पानावर एक गोंधळ मिटवला आहे. आपल्या पोरांना दोन दादासाहेब एकच वाटतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे नाशिकचे. ते १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते, १९७१ मध्ये वारले. दादासाहेब गवई आपले, अमरावती जिल्ह्याचे. जन्म ३० ऑक्टोबर १९२९, निधन २५ जुलै २०१५. आताची पोरे तर त्यांना २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेल्या भूषण गवई यांचे वडील म्हणून ओळखतात. मुलाचा अभिमान आहेच, पण बापाची स्वतंत्र नोंद आहे आणि ती मोठी आहे.

आता ती नोंद ऐका. १९६४ ते १९९४ विधान परिषदेचे सदस्य. त्यात १९६८ ते १९७८ उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती. पुढे त्याच सभागृहात विरोधी पक्षनेतेपद. १९९८ मध्ये अमरावतीतून लोकसभा. २००० ते २००६ राज्यसभा. २००६ मध्ये बिहारचे राज्यपाल, २००८ ते २०११ केरळचे राज्यपाल. शिवाय नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्षपद अनेक वर्षे. ज्या पक्षाचे आमदार बोटावर मोजावे, त्या पक्षाचा हा माणूस आहे.

आता गिरणी कामगाराच्या नजरेने पाहू. मस्टरवर फक्त हजेरी दिसते, त्या दिवशी माणूस कोणत्या खात्यात होता हे न पाहता हिशेब केला तर हिशेब चुकतो. दादासाहेबांच्या परिषदेतल्या तीस वर्षांपैकी चौदा वर्षे ते उपसभापती आणि सभापती होते. आसनावर बसलेला माणूस चर्चेत पक्षाची बाजू मांडत नाही, मंत्र्याला प्रश्न विचारत नाही. उद्या कोणी कामकाजाचे खंड काढून भाषणे मोजली आणि म्हणाला, "हा माणूस तर चौदा वर्षे गप्पच होता," तर कागद खरा असूनही निष्कर्ष खोटा ठरेल. कागद वाचायलाही शिकावे लागते.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे, पण सांगतो. परिषदेची मुदत सहा वर्षांची. छोट्या पक्षाचा माणूस तिथे तीस वर्षे राहतो, तेव्हा कोणत्याही वाटेने गेला तरी त्याला आपल्या पक्षाबाहेरचा आधार लागतो. याला कोणी तडजोड म्हणतो, कोणी शहाणपण म्हणतो. माझे मत मी आज सांगत नाही. पण हा प्रश्न आहे हे आपल्याला कळले पाहिजे. 'जनतेने तीस वर्षे निवडून दिले' असे म्हणून मी तो प्रश्नच गिळून टाकला होता.

जनतेने थेट लोकसभेत पाठवले ते १९९८ मध्ये, आणि ती गोष्ट माझ्या डोळ्यासमोर घडली. मी तेव्हा तरणा होतो. पाळी करून रात्री पोस्टर चिकटवायचो. निकालाच्या दिवशी इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ किती लोक होते म्हणून सांगू! त्या वर्षी काँग्रेसबरोबरच्या समझोत्यातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले. अमरावतीतून गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. हे चारही मतदारसंघ तेव्हा खुले होते, राखीव नव्हते. अमरावती राखीव झाली ती २००९ च्या निवडणुकीपासून. हे आपल्या घरातल्या किती पोरांना माहीत आहे?

आता माझी सासुरवाडी अकोल्याची. तिथले पाहुणे बाळासाहेबांना मानणारे, मी अमरावतीचा. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन गट. "ऐक्य कोणी मोडलं?" यावर वरणभात थंड होतो, सासरे रुसून बसतात. एकदा मी निवडणूक आयोगाचे दोन निकाल-अहवाल छापून नेले. १९९८ च्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्हीपुढे एकच पक्ष, रिपब्लिकन. १९९९ च्या यादीत अकोल्यात प्रकाश आंबेडकर पुन्हा विजयी, पण पक्षाचे नाव भारिप बहुजन महासंघ. अमरावतीत मात्र शिवसेनेचे अनंत गुढे. १० मार्च १९९८ ला अस्तित्वात आलेली ती लोकसभा २६ एप्रिल १९९९ ला बरखास्त झाली, म्हणजे साडेतेरा महिने. तेवढ्यात एका रकान्याचे दोन रकाने झाले. सासरे बराच वेळ ते कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, याच्यात कोणाचा दोष हे लिहिलेलंच नाही." मी म्हटले, "मामा, म्हणूनच आणले." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा न भांडता जेवलो.

नोंदीत सगळे गोडच सापडेल असे समजू नका. केरळचे राज्यपाल असताना २००९ मध्ये गवईंनी पिनराई विजयन यांच्यावर लवलिन प्रकरणात खटला चालवायला परवानगी दिली. राज्याच्या मंत्रिमंडळाचा सल्ला उलटा होता. त्यावर मोठा वाद झाला. पुढे २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने विजयन यांना आरोपातून मुक्त केले, २०१७ मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. स्मरणिकेत असे लिहायचे का? माझे म्हणणे, लिहायचे. ज्याच्या आयुष्यात वादाचा एकही निर्णय नाही, त्याने निर्णयच घेतले नसतील. आपला नेता इतका नाजूक नाही की एका नोंदीने लहान होईल.

तुम्ही म्हणाल, कामगार माणसाला कागदाचा एवढा नाद का? कारण कागदाने माझे घर वाचवले आहे. मी ज्या गिरणीत लागलो तिथे माझी कामावर लागल्याची तारीख पुढची लिहिली गेली होती. फंडाच्या हिशेबात दोन वर्षे गायब. माझ्याकडे पहिल्या वर्षाचे हजेरी कार्ड डब्यात जपून ठेवलेले होते म्हणून ती वर्षे परत मिळाली. माझ्या सोबत्याकडे नव्हते, त्याची गेली. दोघांनीही घाम सारखाच गाळला होता.

हेच समाजाचे आहे. आपल्या वस्तीतले एक जुने कार्यकर्ते वारले. फेडरेशनच्या काळापासूनची पत्रके, सभेच्या नोटिसा, पावतीपुस्तके त्यांच्या पेटीत होती. मी आठ दिवसांनी गेलो. घर रंगवायला काढले होते आणि पेटीतले कागद रद्दीत गेले होते. पोरांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दोष माझा, की तो माणूस जिवंत असताना मी वही घेऊन बसलो नाही. ते निवडणुकीला उभे राहिले, पडले, अनामत गेली, एवढे सरकारी कागदात मिळेल. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते नसली की अनामत जप्त, हा कायदा. पण ती अनामत भरायला कोणत्या माउलीने आपली पाटली गहाण ठेवली, हे कोणत्याच दप्तरात नाही. ते त्या पेटीत होते, आणि आता कुठेच नाही.

चांगदेव खैरमोडे यांनी कागद जमवत बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडाने लिहिले. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन शोधून संपादित केले आणि १९७९ पासून शासनाने ते खंड छापले. आज आपल्या विहाराच्या कपाटात ते आहेत, कारण कोणीतरी धूळ झटकत बसले.

म्हणून माझी विनंती चार कामांची आहे. एक, विहारात एक नोंदवही ठेवावी, 'आपल्या जिल्ह्यातले प्रतिनिधी'. अमरावती-अकोल्यातला कोणत्याही गटाचा असो, नगरसेवकापासून खासदारापर्यंत. प्रत्येक ओळीपुढे ती माहिती कोणत्या कागदातून घेतली ते लिहावे. ऐकीव असेल तर 'ऐकीव' असे स्पष्ट लिहावे.

दोन, मुलांनी कागद शोधावेत. निवडणुकीचे निकाल आयोगाच्या अहवालात आहेत. लोकसभा-राज्यसभेचे कामकाज आता मोबाईलवर वाचता येते. विधानमंडळाचे खंड ग्रंथालयात आहेत. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि दादासाहेब सभापती झाले तेही १९७८ सालीच. त्या दिवसाचे परिषदेचे कामकाज मिळवून इथे मोठ्याने वाचणे हे पहिले काम असावे. जुन्या बातम्यांसाठी अकोल्याचा 'देशोन्नती', अमरावतीचा 'हिंदुस्थान' यांच्या फायली पाहाव्यात. नगरपालिकेचे ठराव हवे असतील तर २००५ चा माहिती अधिकार आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. आजच्या उमेदवारांची मालमत्ता आणि गुन्हे शपथपत्रात लिहिलेले असतात. १९९८ ला तो नियम नव्हता, न्यायालयाच्या निकालांनंतर २००३ पासून आला. मत मागायला येणाऱ्या आपल्याही माणसाचे शपथपत्र वाचा. जयभीम म्हटल्याने हिशेब माफ होत नाही.

तीन, घरातली जुनी पत्रके, फोटो, पावत्या रद्दीत देण्याआधी समितीला दाखवा.

चार, आपल्या म्हाताऱ्या आयांजवळ बसा. सत्याग्रहात कोण गेले, कोणाच्या घरी भाकरी भाजल्या, ते लिहून घ्या. दप्तराने सोडलेली जागा त्याच भरू शकतात.

ती प्रश्न विचारणारी मुलगी आज समोर बसली आहे. बाई, तू त्या दिवशी मला अडवलेस ते बरे केलेस. वहीचे पहिले पान मी लिहिले आहे. ती आता तुझ्या हाती देतो. त्यात माझ्या चुका सापडल्या तर खोडून टाक, पण कागद पाहून खोड.