गोल्फच्या काठ्यांची पहिली निवड

गोल्फ शिकूं पाहणारा गृहस्थ प्रथम दुकानांत शिरतो आणि १४ काठ्यांचा चकचकीत संच पाहून भुलतो. १४ ही मर्यादा आहे, आवश्यकता नव्हे. खेळाडूंच्या पिशव्या फार फुगूं लागल्या म्हणून अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं ती घालण्यांत आली. त्यापूर्वीं १९१६ सालीं चिक एव्हान्स यानें अवघ्या ७ काठ्यांनिशीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली होती. मग नवशिक्याचें तेवढ्यांत कां भागूं नये? खेळ दोन महिन्यांत सुटला तर पूर्ण संच माळ्यावर जातो, आणि घरांत त्याचा विषय काढण्याचीही चोरी होते.

काठीच्या मुखाचा कल हें या निवडीचें मर्म होय. ७ नंबरच्या लोखंडी काठीचा कल सामान्यतः ३० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळें चेंडू सहज वर चढतो. ड्रायव्हरचा कल जेमतेम १० अंशांचा. फटका किंचित् तिरपा बसला कीं चेंडू झाडींत नाहींसा! आणि हौस मात्र प्रत्येकास ड्रायव्हरचीच.

५ नंबरची लाकडी (ही आतां नांवाचीच लाकडी, घडण धातूची), ५, ७ व ९ नंबरच्या लोखंडी, वाळूंतून चेंडू काढणारी वेज आणि पटर, एवढ्यावर पहिलें वर्ष सुखानें निघतें. वापरलेल्या काठ्याही चालतात; दांडा तेवढा सरळ असावा. मुठीचें रबर झिजलेलें असल्यास बदलून मिळतें. पटर मात्र स्वतः हातांत धरून पाहिल्याविना घेऊं नये. ७२ फटक्यांच्या मैदानावर ३६ फटके त्या एकटीच्याच वाट्याचे धरलेले असतात.