मतदारसंघाची रेषा आणि परराज्यातील आसरा

कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकास बीदर जिल्ह्यातील औराद तालुका वसला आहे. शेजारी देगलूर आणि उदगीर; पलीकडे तेलंगण. या प्रदेशाने आपली जागा कधी सोडली नाही. त्याच्याभोवतीच्या रेषा मात्र बदलत गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे गेले, आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. पुढे २००८ साली विधानसभेच्या मतदारसंघांची फेरआखणी झाली. तीत हुलसूर हा मतदारसंघ नाहीसा झाला, बीदर दक्षिण हा नवा जन्मास आला, आणि औरादची सर्वसाधारण जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. ज्या गावकऱ्यांचे भवितव्य या रेषांनी ठरविले, त्यांपैकी कोणालाही ती रेषा टाळण्यासाठी घर सोडून जाण्याची सोय नव्हती.

लोकप्रतिनिधींना मात्र ती सोय असते. अशी एक घटना २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत घडली. टेक्सास राज्याच्या विधिमंडळात लोकसभेच्या, म्हणजे तेथील काँग्रेसच्या, मतदारसंघांचा नवा नकाशा मांडण्यात आला. तेथे नकाशा साधारणतः दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर बदलतो. हा मध्येच आणला गेला. राज्याच्या ३८ जागांपैकी २५ रिपब्लिकन पक्षाकडे होत्या. त्या ३० व्हाव्यात, हा हेतू लपलेला नव्हता. १५० सभासदांच्या त्या सभागृहात कामकाजास दोन तृतीयांश, म्हणजे १०० सभासदांची उपस्थिती लागते. डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासद ६२. त्यांना मतदानात जिंकणे शक्य नव्हते; गैरहजर राहून सभागृह बंद पाडणे तेवढे शक्य होते. ३ ऑगस्ट रोजी त्यांच्यातील पन्नासांहून अधिक सभासदांनी राज्य सोडले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी इलिनॉय राज्यात मुक्काम केला.

तेथील गव्हर्नर प्रिट्झकर यांनी त्यांचे उघडपणे स्वागत केले व संरक्षणाचे आश्वासन दिले. गव्हर्नर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजभवनातील राज्यपाल उभे राहतात. अमेरिकेतील गव्हर्नर तसा नव्हे. तो जनतेने निवडलेला राज्याचा कारभारी. आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. टेक्सासच्या सभागृहाने गैरहजर सभासदांवर पकडवॉरंटे काढली, रोज पाचशे डॉलर दंडाचा नियम होताच. परंतु त्या वॉरंटांचा अंमल राज्याच्या वेशीपर्यंतच. वेशीपलीकडे यजमान राज्याची इच्छा हेच कवच.

या आसऱ्याने काय साधले? सुमारे पंधरा दिवस. १८ ऑगस्टला सभासद परतले, २० तारखेला ८८ विरुद्ध ५२ मतांनी नकाशा संमत झाला आणि महिनाअखेरीस त्यावर गव्हर्नर ॲबट यांची सही झाली. २००३ सालीही टेक्सासचे अकरा सिनेटर अशाच कारणाने न्यू मेक्सिकोत जाऊन राहिले होते. गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनी त्यांना पोलिसांचे संरक्षण दिले होते. तेव्हाही अखेर नकाशा झालाच.

मात्र केवळ विलंब एवढेच फळ म्हणणे न्याय्य होणार नाही. रटाळ वाटणारा नकाशाचा विषय या प्रवासामुळे देशभर घरोघरी पोहोचला. पण त्याचे दुसरे फळ कडू होते. कॅलिफोर्नियात मतदारसंघ आखण्याचे काम पक्षांच्या हातून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिलेले होते. टेक्सासला उत्तर म्हणून तेथील मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी कौल दिला आणि आयोगाचा नकाशा काही निवडणुकांपुरता बाजूस ठेवून विधिमंडळाचा नकाशा स्वीकारला. ज्या इलिनॉयने आसरा दिला, तेथील नकाशाही सत्ताधारी पक्षानेच आखलेला. १७ पैकी १४ जागा त्याच पक्षाकडे. आश्रयदात्याचे अंगणही स्वच्छ नव्हते, हे विरोधकांनी दाखविले, आणि त्यात तथ्य होते.

आता दृष्टी इकडे वळवावी. परराज्यात आमदारांना ठेवण्याची रीत महाराष्ट्राला व कर्नाटकाला अपरिचित नाही. जून २००२ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळावर विश्वासदर्शक ठरावाचा प्रसंग आला, तेव्हा काँग्रेसच्या आमदारांना बंगळूरजवळ नेऊन ठेवण्यात आले. कर्नाटकात एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री होते. पाहुण्यांची व्यवस्था त्यांचे मंत्री डी. के. शिवकुमार यांनी पाहिली. देशमुखांनी ठराव जिंकला. जुलै २०१९ मध्ये पारडे फिरले. कर्नाटकातील राजीनामे दिलेले आमदार मुंबईत पवईच्या हॉटेलात उतरले, आणि त्यांना भेटावयास आलेल्या त्याच शिवकुमारांना मुंबई पोलिसांनी दाराशीच अडविले. त्याच महिन्यात कुमारस्वामींचे मंत्रिमंडळ ९९ विरुद्ध १०५ मतांनी कोसळले.

वरवर पाहता तिकडचा व इकडचा प्रकार एकच दिसतो; वस्तुतः तो निराळा आहे. टेक्सासचे सभासद गेले ते एका विधेयकास अडविण्यासाठी. तेथून ते रोज पत्रकारांपुढे येऊन आपले कारण सांगत होते. आपल्याकडील आमदारांना नेले जाते ते सरकार टिकविण्यासाठी किंवा पाडण्यासाठी, आणि त्यांना लोकांच्या नजरेआड ठेवणे हाच त्या पाहुणचाराचा मतलब असतो. तेथे प्रतिनिधी सभागृहापासून दूर गेला. येथे तो मतदारापासूनही दूर गेला.

भारतात मतदारसंघाच्या रेषेसाठी असा पळ काढावा लागला नाही, याचे श्रेय आमदारांच्या सद्गुणांना नाही. ते राज्यघटनेच्या रचनेस आहे. एक तर येथे गणसंख्या एक दशांश इतकी अल्प. कर्नाटकाच्या २२४ जणांच्या विधानसभेत २३ सभासद बसले तरी काम चालते. रुसून गेल्याने सभागृह थांबत नाही. दुसरे, रेषा ओढण्याची लेखणीच विधिमंडळाच्या हाती नाही. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या परिसीमन आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार सहकारी सभासद म्हणून त्यासोबत बसत. त्यांना बोलण्याचा अधिकार होता, मताचा नव्हता. मसुदा प्रसिद्ध होई, हरकती मागविल्या जात, जाहीर बैठका होत, आणि अंतिम आदेशास कायद्याचे बळ येई. त्या आदेशास न्यायालयात आव्हान देण्यास घटनेने मज्जाव केला आहे. तथापि उघड मनमानी झाली असेल तर न्यायालय अगदीच हतबल नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. राखीव जागा हुलसूरवरून औरादकडे आली, तेव्हा एकास लाभ व दुसऱ्यास हानी झालीच. परंतु ती रेषा ओढणाऱ्यांना त्याच रेषेवर निवडून यावयाचे नव्हते. न्यायाचा एवढा एक धागा तुटला की उरते ती टेक्सास व कॅलिफोर्नियामधील फेड-परतफेड.

हा प्रश्न लवकरच पुन्हा दाराशी यावयाचा आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांच्या वाट्याच्या जागा वाढविण्यास २००२ मध्ये अमलात आलेल्या ८४ व्या घटनादुरुस्तीने खीळ घातली, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतची. आणि ती जनगणना १ मार्च २०२७ या दिनांकास धरून होईल असे केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. दक्षिणेच्या राज्यांना आपला वाटा घटण्याची चिंता आहे. औरादसारख्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या तालुक्यापुढे आणखी लहान, परंतु जिव्हाळ्याचा प्रश्न असेल: कोणती गावे एकत्र राहतील, कोणती तुटतील, भाषेचे आणि बाजारहाटाचे नाते आखणाऱ्याच्या ध्यानी येईल काय?

त्या वेळी परराज्यातील कोणताही गव्हर्नर वा मुख्यमंत्री औरादच्या मतदारास आसरा देणार नाही. त्याच्या हाती एकच साधन आहे. मसुदा प्रसिद्ध होताच तो वाचावा, मुदतीत हरकत लिहावी, जाहीर बैठकीस जाऊन आपल्या गावाचे नाव घेऊन बोलावे. पंधरा दिवसांच्या पलायनाने जे थांबले नाही, ते वेळेवर दिलेल्या एका अर्जाने थांबेलच असे कोणी म्हणू नये. पण लेखणी तिऱ्हाइताच्या हाती असेल तर त्या अर्जाला किंमत असते. पक्षाच्या हाती असेल तर ती नसते. म्हणून जपावयाचे ते हेच, की लेखणी तिऱ्हाइताच्याच हाती राहावी.