माध्यमिक शाळेतील तांत्रिक शिक्षण आणि आपण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गंगापूर रोड येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित भाग)



मी कापडाचा व्यापारी आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. अभियांत्रिकीवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. विश्वस्तांनी 'शिक्षणाविषयी चार शब्द बोला' असे सुचविले, तेव्हा मी मुद्दाम हा विषय मागून घेतला. या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि ती आपल्याच माणसांत बोलून दाखवावी, असे बरेच दिवस मनात होते.

गोष्ट १९९८ सालची. माझा धाकटा मुलगा सातवी उत्तीर्ण होऊन आठवीत गेला. आठवीपासून तांत्रिक विषय घेण्याची सोय होती आणि त्यासाठी पालकाच्या संमतीची सही हवी होती. मुलगा कागद घेऊन दुकानात आला. या मुलाला लहानपणापासून वस्तू उघडून पाहण्याचा नाद. दुकानातला टेबलफॅन, घरातले शिवणयंत्र, काहीच त्याच्या तावडीतून सुटले नव्हते. मी कागद वाचला, घडी करून गल्ल्यात ठेवला आणि म्हणालो, "आपल्या घरात कानस घासायची वेळ अजून आलेली नाही." गिऱ्हाईक समोर बसले होते, तेही हसले. मुलगा काही न बोलता घरी गेला. पुढे त्याने माझ्याप्रमाणे बी. कॉम. केले आणि गादीवर येऊन बसला.

मी नाकारले ते नेमके काय होते, याची चौकशी मी पुष्कळ उशिरा केली. महाराष्ट्रात शासकीय तांत्रिक विद्यालये व केंद्रे पूर्वीपासून आहेत. इतर शाळांतील मुले ठरलेल्या तासांना तेथे जातात. विषयांची नावे भारदस्त आहेत: यंत्र अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, अभियांत्रिकी चित्रकला. प्रत्यक्षात मुलाच्या हाती प्रथम येते ती कानस. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा वाईसमध्ये आवळायचा आणि त्याची प्रत्येक बाजू शेजारच्या बाजूशी काटकोनात येईपर्यंत घासायची. गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. हे काम काही दिवस चालते. हात भरून येतात, पण तुकडा खोटे बोलत नाही. आपल्या धंद्यात ताग्यामागे दोन-चार सेंटीमीटर इकडे-तिकडे झाले, तर हसून निभावते. तेथे मात्र व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजायला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शिकतो.

चित्रकलेचेही तसेच. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, ही तीन दृश्ये कागदावर काढायची आणि ती तीन दृश्ये पाहून अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची. ही एक लिपीच आहे. देवनागरीप्रमाणे तीही लहान वयात सहज येते, मोठेपणी जड जाते.

हे सर्व आपल्या नाशिकमध्ये राहून मला ठाऊक नसावे, हे विशेष. या शहराला तीर्थक्षेत्र म्हणायची आपल्याला सवय आहे. परंतु नाशिकरोडला नोटा व मुद्रांकांचा छापखाना १९२५ च्या सुमारास आला, ओझरला विमानांचा कारखाना १९६४ साली आला, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. सातपूरच्या मायकोमध्ये, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाचे नोझल बनत आले. त्यातील सुई आणि तिचे घर यांच्यातील जागा मायक्रॉनमध्ये मोजतात. त्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसे सणाला आमच्याच दुकानात कापड घेत. त्यांच्या पगारावर आमचा धंदा उभा राहिला आणि त्यांच्या हातातल्या विद्येला मात्र मी कमी लेखले.

आपल्या समाजाला यंत्रांचे वावडे होते, असेही नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. ओझरचा कारखाना त्याच संस्थेचा पुढचा विस्तार. आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील रावळगावला त्यांनी साखर कारखाना उभा केला. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी स्वतः अभियांत्रिकीची पदवी घेतली नव्हती. आपण त्यांचे छायाचित्र लावतो आणि मुलांना सनदी लेखापाल व्हायला सांगतो. (सनदी लेखापाल येथे बरेच बसले आहेत, त्यांनी राग मानू नये. माझे हिशेबही तेच पाहतात.)

हा विचार देशापुढे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, त्यात शिक्षणाच्या मध्यभागी हस्तोद्योग होता आणि पहिला मान सूतकताईला होता. कापडवाला म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या व त्यांत तांत्रिक शाखा ठेवली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवावर भर दिला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर आकडाच दिला: उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि दोष केवळ सरकारला देता येणार नाही. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पदवी आवाक्यात आली, तसा शाळेतला वर्कशॉप पालकांना नकोसा झाला. अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात द्वितीय भाषा व आणखी एका विषयाऐवजी २०० गुणांचा व्यवसाय विषय घेता येतो. तो घेणारी मुले पुष्कळ निघाली, पण बहुतेकांचा डोळा गुणांवर होता, हे आपण सर्व जाणतो.

मला अधिक आवडलेले उदाहरण पाबळचे आहे. पुणे जिल्ह्यातील या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून ते तेथे राहिले. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय त्यांच्या प्रयत्नांतून आठवी ते दहावीच्या शाळांत गेला. आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती आणि गृह-आरोग्य यांच्या प्रत्यक्ष कामाला द्यायचा, अशी त्याची रचना. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी मुले करतात, मुलीही करतात. तयार केलेली वस्तू गावाच्या खरोखर उपयोगी पडावी, हा आग्रह. उपयोगी वस्तूला गिऱ्हाईक मिळते, हे कळायला मला बी. कॉम.ची गरज नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासूनच्या मुलांना हाताच्या कामाची ओळख व्हावी, असे म्हटले आहे.

आता माझ्या चुकीचा उत्तरार्ध सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र घेतले. ऐन लग्नसराईत ते बंद पडले. कारागीर परगावचा, तो चौथ्या दिवशी येणार होता. सोळा साड्या अडकल्या होत्या आणि एका नवरीचे वडील दुकानात येऊन बसले होते. माझा मुलगा रात्री अकरा वाजता यंत्राची पुस्तिका उघडून बसला. सुटे भाग दाखविणाऱ्या आकृतीवर त्याने बराच वेळ बोट फिरविले. मग पुस्तिका मिटून म्हणाला, "पप्पा, हे मला वाचता आलं असतं." एवढेच. तो कागद त्याला आठवत होता. तोपर्यंत मला वाटे, तो विसरला असेल.

कारागीर आला, त्याने एक छोटा पट्टा बदलला आणि वीस मिनिटांत यंत्र चालू झाले.

म्हणून विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. आपला ट्रस्ट दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांना पारितोषिके देतो. त्यांत तांत्रिक विषय घेणाऱ्या मुला-मुलींसाठी एक स्वतंत्र शिष्यवृत्ती असावी, आणि ती गुणांवर न देता विद्यार्थ्याने स्वतः केलेली वस्तू पाहून द्यावी. याच गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील प्राध्यापक परीक्षणाला येतील का, हे विचारण्याची जबाबदारी मी घेतो. सातपूर-अंबडमधून निवृत्त झालेले किती तरी कुशल टर्नर-फिटर आपल्या आसपास राहतात. रविवारी सकाळी दोन तास त्यांनी मुलांना द्यावेत, यासाठी त्यांना योग्य ते मानधन द्यावे. फुकट मागू नये, कारण फुकट मिळालेल्या वेळेची आपणच किंमत ठेवत नाही.

जागेचा प्रश्न निघेल. माझ्या दुकानामागची गोदामाची खोली, अंदाजे बारा बाय अठरा फुटांची, मी रिकामी केली आहे. त्यात चार वाईस बसतील असे टेबल माझ्या मुलाने मापे घेऊन करून घेतले आहे. आकृती त्यानेच काढली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. वीजजोडणी सध्या सिंगल फेज आहे. लेथ आणायचे ठरले, तर थ्री फेजसाठी अर्ज करावा लागेल, तो मी करतो. खोलीची एक किल्ली आज सभा संपल्यावर कार्यवाहांकडे देत आहे.