ताप उतरला, थकवा उरला

भातसा-तानसाचे पाणी मुंबईस देणाऱ्या शहापुरातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पिंपांत साठविलेल्या पाण्यात एडिस डास वाढतो. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत ताप आठवड्यात उतरला; सांधेदुखी आणि थकवा मात्र कित्येकांना महिनोन्‌महिने पुरला. कोविडनेही हेच दाखविले. काहींचा थकवा वर्षानुवर्षे हटत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत दोष आढळत नाही, पण श्रम केले की दुसऱ्या दिवशी दुखणे बळावते. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील डॉक्टर-परिचारिकाच अशा आजाराने आडव्या झाल्या. त्यांनाही पुढे १९७० साली उन्मादग्रस्त ठरविणारे तज्ज्ञ निघालेच! मग मुरबाडची शेतकरीण भातलावणीत बांधावर टेकली, तर तिला कामचुकार म्हणायला कितीसा वेळ लागणार? 'काम कर, अंग मोकळे होईल' हा सल्ला तिला अंथरुणाला खिळवील. आधी विचारावे, बाई, ताप कधी येऊन गेला?